वासाची साक्ष

करोनाची साथ मागे पडल्यावर एक युक्तिवाद हळूहळू शहाणपणाच्या जागी जाऊन बसला आहे. तो असा: करोना हा फुप्फुसांचा आजार होता. त्यानंतर ज्यांना शब्द आठवेनासे झाले, साधे हिशेब जुळेनासे झाले, दोन पाने वाचली की डोके जड होऊ लागले, त्यांना टाळेबंदीने, धास्तीने आणि मोबाइलवरच्या बातम्यांनी घेरले होते. मेंदूत विषाणू कुणाला धड सापडलेला नाही, एमआरआय नॉर्मल येतो, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. तेव्हा हे सगळे मनाचे खेळ. हा युक्तिवाद अडाण्यांचा नाही. तो करणाऱ्यांत डॉक्टर आहेत, अभ्यासूही आहेत, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवू नये असा सद्हेतूही त्यामागे असतो. म्हणूनच तो हसून सोडून देता येत नाही, मुद्देसूद खोडावा लागतो. माझ्या मते त्याच्या बुडाशी एक न बोललेली अट आहे: मेंदूला इजा झाली म्हणायचे, तर विषाणू मेंदूच्या पेशीत शिरलेला दाखवा. मज्जासंस्थेच्या आजारांना ही अट कधीच लागू नव्हती. करोनाला ती लावली की पुरावा समोर असूनही दिसत नाही.

पुणेकरांना तरी हे नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिलन बारे सिंड्रोमचे रुग्ण निघू लागले आणि पाहता पाहता आकडा २०० च्या आसपास गेला. धडधाकट माणसांचे पाय एकाएकी लुळे पडत होते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. तपासात बऱ्याच रुग्णांत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला, आणि तो सापडला शौचाच्या नमुन्यांत. पाण्यावाटे पोटात गेलेला हा जंतू पायांच्या नसांपर्यंत पोचतच नाही. त्याच्या कवचावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात, त्यामुळे जंतूवर नेम धरून तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याच नसांवर उलटतात. जंतू पोटात आणि लुळेपणा पायांत. त्या रुग्णांच्या नसांत जिवाणू दिसला नाही म्हणून ‘तुम्हाला चालायची भीती बसली आहे’ असे कुणी त्यांना सांगितले नाही. घशाला स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झालेल्या मुलांचे हातपाय काही आठवड्यांनी आपोआप वळवळू लागतात, तो सिडनहॅमचा कोरिया हाही याच जातीचा. वैद्यकाला ही वाट पूर्वीपासून ठाऊक आहे. करोनाच्या बाबतीत मात्र आपण ती विसरल्यासारखे वागतो.

आता नाकाकडे येऊ, कारण या वादातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार तिथे आहे. २०२० मध्ये हिंगाची फोडणी पडूनही नाकाला काही कळत नाही, कापूर पेटवला तरी हवा कोरी, असा अनुभव घराघरांत आला. पुष्कळांचे नाक चोंदलेलेही नव्हते. वास घेणारी त्वचा नाकपुडीच्या पार वर, दोन डोळ्यांच्या मधोमध येईल अशा उंचीवर असते, टपालाच्या तिकिटाएवढी. तिच्यातल्या चेतापेशींचे बारीक धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जाऊन थेट मेंदूला भिडतात. मेंदूच्या चेतापेशी बाहेरच्या हवेच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठेही येत नाहीत. साहजिकच पहिला तर्क असा झाला की विषाणू या चेतापेशी मारतो आणि त्याच धाग्यांवरून मेंदूत चढतो. हार्वर्डमध्ये संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्ये या त्वचेतल्या पेशी निरखल्या, तेव्हा वेगळेच दिसले. विषाणूला शिरायला लागणारी एसीई-२ ही कडी वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर नव्हतीच. ती होती त्यांना टेकू देणाऱ्या, त्यांच्याभोवतीचा ओलावा आणि क्षार सांभाळणाऱ्या आधारपेशींवर. म्हणजे घाव पडतो शेजाऱ्यावर. पण शेजारी कोसळला की चेतापेशीलाही धड राहता येत नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले की संसर्ग न झालेल्या चेतापेशींच्या केंद्रातसुद्धा गुणसूत्रांची मांडणी विस्कटते आणि वास ओळखणारी जनुके मिटून जातात. पेशी जिवंत असते, पण तिचे काम थांबलेले असते. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या गटाने, ज्यांचा वास महिनोन्महिने परतला नव्हता अशांच्या नाकातल्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले. तिथे विषाणू उरला नव्हता, दाह पेटता ठेवणाऱ्या टी पेशी मात्र ठाण मांडून होत्या आणि चेतापेशींची संख्या घटली होती. विषाणू निघून गेला, चेतापेशींत तो मुळात शिरलाही नव्हता, आणि तरीही एक आख्खे इंद्रिय बंद. याला मनाचा खेळ म्हणायला कोणी धजेल असे वाटत नाही.

नाकात जे आधारपेशींचे झाले, तेच आत मेंदूत रक्तवाहिन्यांचे आणि राखणदार पेशींचे होते, असा माझा दावा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ४१ मृतांचे मेंदू तपासले गेले. विषाणूचा मागमूस नगण्य होता, पण मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशी चवताळलेल्या होत्या आणि विशेषतः ब्रेनस्टेममध्ये त्यांनी चेतापेशींना वेढा घालून त्या फस्त करायला घेतल्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अविंद्र नाथ यांच्या गटाला बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती विरळ झालेल्या आणि त्यांतून फायब्रिनोजेन हे गुठळीचे प्रथिन बाहेर झिरपलेले आढळले. विषाणू तिथेही नव्हता. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या एका गटाने ४४ शवविच्छेदने केली. त्यातल्या ज्या मोजक्या मृतांचा मेंदू तपासायला मिळाला, त्यांत विषाणूचे आरएनए सापडले, आणि गंमत म्हणजे तिथल्या मेंदूच्या ऊतींत दाह फारसा नव्हता. विषाणूचे असणे आणि इजेचे असणे यांची सांगड दोन्हीकडून तुटते. विषाणूच्या हजेरीवरून इजेचा निकाल देणाऱ्यांचे त्यामुळे ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असे होते.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. ही माणसे करोनाने मेली, त्यातली कित्येक दिवसेंदिवस प्राणवायूविना तडफडली; त्यांच्या मेंदूवरून घरी चार दिवस ताप काढलेल्या माणसाबद्दल काय कळणार? कोलंबियाच्या त्या मेंदूंत प्राणवायूच्या तुटवड्याच्या खुणा होत्याच. म्हणून येल आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात मांडलेला प्रयोग मोलाचा आहे. त्यांनी उंदरांना फक्त श्वासमार्गात राहील असा सौम्य संसर्ग दिला. उंदीर फारसे आजारी पडले नाहीत, विषाणू आठवड्याभरात गेला, मेंदूत पोचला नाही. सात आठवड्यांनंतर मात्र मेंदूच्या पांढऱ्या भागातले राखणदार अजून चवताळलेले होते, चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होण्याचे काम मंदावले होते. विजेच्या तारेवरचे प्लॅस्टिक जागोजाग सोलले गेले की दिवा बंद पडत नाही, मिणमिणतो. सीसीएल-११ हा एक संदेशवाहक रेणू या उंदरांत वाढलेला होता. तो नुसता टोचला तरी निरोगी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तशीच गडबड झाली, आणि करोनानंतर विचारांत धुके जाणवणाऱ्या माणसांच्या रक्तातही तो वाढलेला मिळाला. या गटातल्या मिशेल मोंजे यांनी केमोथेरपीनंतर येणाऱ्या बधिरपणाचा अभ्यास आधी केला होता, आणि दोन्हीकडचे चित्र मिळतेजुळते निघाले. केमोथेरपी घेतलेल्या बायकांनाही ‘कर्करोगाच्या धक्क्याने असे होते’ हेच उत्तर कित्येक वर्षे मिळत असे.

उंदरांचा मेंदू म्हणजे माणसाचा नव्हे, हे कबूल. माणसांत काय दिसले? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी, करोनानंतर धुके जाणवणाऱ्या आणि न जाणवणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले. नेहमीचे नव्हेत. शिरेतून एक द्रव्य सोडून ते रक्तवाहिन्यांतून मेंदूत झिरपते का, हे काही मिनिटे सलग मोजत राहण्याची ही पद्धत. रक्तातले नको ते मेंदूत शिरू न देणारी जी चौकी असते, ती धुके असलेल्यांत गळकी निघाली, नसलेल्यांत शाबूत. माणसे मोजकीच होती, एवढ्यावर इमारत उभी करता येत नाही. पण ‘एमआरआय नॉर्मल आहे’ या वाक्याचे काय होते ते पाहा. साधा एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो, गाठ, रक्तस्राव, मोठी गुठळी दाखवतो. सूक्ष्म गळती शोधण्यासाठी तो काढलेलाच नसतो. पाइपाचा फोटो काढून आतल्या ठिबकण्याबद्दल निर्वाळा देण्यासारखे ते झाले.

मग टाळेबंदीचे काय? बेरोजगारी, मृत्यूंचे सावट, चार भिंतींतला कोंडमारा यांनी माणसाचे लक्ष उडते, झोप उडते, यात शंका नाही. पण टाळेबंदी सगळ्यांच्याच वाट्याला आली होती, आणि नेमका याच गोष्टीचा उपयोग ऑक्सफर्डच्या ग्वेनाएल दुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झाला. ‘यूके बायोबँक’ने साथीच्या आधीच हजारो लोकांच्या मेंदूंची छायाचित्रे काढून ठेवली होती. त्यातल्या ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांना पुन्हा बोलावले. ४०१ जणांना मधल्या काळात करोना झाला होता, ३८४ जणांना झाला नव्हता. दोन्ही गट त्याच देशात, त्याच टाळेबंदीत, त्याच बातम्या पाहत राहिलेले. फरक संसर्गाचा. आणि तुलना प्रत्येकाच्या आजच्या मेंदूची त्याच्याच जुन्या मेंदूशी. त्यामुळे ‘यांचे मेंदू आधीपासूनच तसे असतील’ ही पळवाटही अरुंद होते. संसर्ग झालेल्यांत घाणेंद्रियाशी जोडलेल्या भागांत, डोळ्यांच्या खोबणीवरच्या आणि स्मृतीच्या वाटेवरच्या करड्या भागात, ०.२ ते २ टक्क्यांपर्यंत जादा झीज आढळली. रुग्णालयात गेलेले फक्त १५ जण होते. त्यांना वगळले तरी चित्र बदलले नाही. शिवाय एक चाचणी होती: कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडत जायचे, १ वरून अ वर, अ वरून २ वर, २ वरून ब वर. दोन धागे एकदम डोक्यात धरून ठेवण्याची ही कसोटी. त्यात करोना होऊन गेलेल्यांना पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला. आता ही झीज म्हणजे पेशींचे मरण की वास येईनासा झाल्याने त्या भागाचा वापर घटल्याचा परिणाम, हे छायाचित्रांवरून ठरत नाही आणि संशोधकांनीही तसे म्हटले आहे. पण यातले काहीही खरे धरले तरी ‘टाळेबंदीचा ताण’ त्यात बसत नाही.

धास्तीचा मुद्दा ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या कामाने आणखी स्वच्छ निकाली काढला. मॅक्झिम ताके आणि सहकाऱ्यांनी १२ लाखांहून अधिक करोनाबाधितांच्या, मुख्यतः अमेरिकी, वैद्यकीय नोंदी दोन वर्षांपर्यंत तपासल्या आणि इतर श्वसनसंसर्ग झालेल्या तेवढ्याच लोकांशी ताडून पाहिल्या. चिंतेचे आणि नैराश्याचे वाढलेले प्रमाण दोन महिन्यांच्या आत इतरांच्या पातळीवर उतरले. विचारशक्ती मंदावल्याच्या आणि फेफऱ्याच्या नोंदी मात्र दोन वर्षे उलटली तरी चढ्याच राहिल्या. विसराळूपणा चिंतेचेच पिलू असते, तर आई गेल्यावर तेही गेले असते. फरक किती, तेही सांगतो, कारण आकडा लपवून केलेला प्रतिवाद फसवा असतो: १८ ते ६४ वयोगटात १०,००० जणांमागे करोनानंतर सुमारे ६४०, इतर संसर्गांनंतर ५५०. प्रलय नव्हे. पण कोट्यवधी लोकांना होऊन गेलेल्या आजारात हजारी नऊ म्हणजे एखाद्या मोठ्या शहराची वस्ती.

विरोधकांच्या भात्यातला सर्वांत टोकदार बाण फ्रान्समधला आहे. तिथल्या ‘कॉन्स्टन्सेस’ या पाहणीत २६,८२३ जणांची रक्तचाचणी झाली आणि ‘तुम्हाला करोना झाला होता असे वाटते का’ हेही विचारले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष आला की रेंगाळलेल्या बहुतेक लक्षणांचे नाते प्रत्यक्ष प्रतिपिंडांपेक्षा ‘मला झाला होता’ या समजुतीशी अधिक जुळते. टीकाकारांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. पण रक्त घेतले गेले २०२० च्या मे ते नोव्हेंबरमध्ये, आणि प्रश्नावली भरली गेली डिसेंबर-जानेवारीत. मधल्या काळात फ्रान्समध्ये दुसरी लाट येऊन गेली. रक्त दिल्यानंतर ज्याला करोना झाला, तो या हिशेबात ‘प्रतिपिंडे नसलेला, पण समजूत असलेला’ ठरला. ज्यांची प्रतिपिंडे चाचणीपर्यंत विरून गेली, तेही त्याच रकान्यात. एवढा घोळ असूनही एक लक्षण या गाळणीतून खाली पडले नाही. त्याचे नाते नुसत्या समजुतीशी नव्हे, प्रतिपिंडांशीही जुळले: वास जाणे. ज्या पाहणीच्या जोरावर ‘मनाचे खेळ’ म्हटले जाते, तिनेही मज्जासंस्थेच्या पहिल्याच चेतेबाबत आमच्या बाजूने साक्ष दिली आहे. ती उद्धृत करणारे बहुतेक लोक हे वाक्य का गाळतात, ते समजायला फार डोके लागत नाही.

हे सगळे म्हटल्यावर दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे, कारण त्यांच्या अतिशयोक्तीवरच पहिल्यांचे पोट भरते. ‘विषाणू मेंदू खातो’, ‘करोनाने बुद्ध्यांक घसरला’ असले मथळे ज्या अभ्यासावरून रचले गेले, तो लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा, फेब्रुवारी २०२४ चा, सुमारे १ लाख १३ हजार लोकांचा. त्यात करोना न झालेल्यांच्या तुलनेत, बरे झालेल्यांत बुद्ध्यांकाच्या मापात साधारण ३ गुणांची तूट होती, लक्षणे रेंगाळलेल्यांत ६ ची, अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांत ९ ची. ही सरासरी आहे. रोजच्या व्यवहारात एकट्या माणसाला ३ गुण जाणवतीलच असे नाही. आणि त्याच अभ्यासात, ज्यांची दीर्घकाळची लक्षणे अखेर ओसरली त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या जवळपास आले, ही दिलाशाची गोष्ट मथळ्यांत कुणी घेतली नाही. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेत नाकातून डोळ्यांत आणि मेंदूत चढलेली काळी बुरशीही काही जण याच यादीत कोंबतात. ती बुरशीच होती. वाढलेली साखर आणि बेसुमार स्टेरॉइड यांनी तिला रान मोकळे करून दिले. तिचा हिशेब निराळा.

लशीवर खापर फोडणाऱ्यांसाठी तारखा पुरेशा आहेत. वुहानच्या २१४ रुग्णांपैकी ३६.४ टक्क्यांत मज्जासंस्थेची लक्षणे असल्याचा अहवाल एप्रिल २०२० मध्ये छापून आला. ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले ८ डिसेंबर २०२० रोजी, आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ रोजी. एका लशीनंतर फार क्वचित मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्या, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण इम्पीरियलच्या अभ्यासात सर्वाधिक तूट होती ती विषाणूच्या मूळ रूपाच्या काळात बाधित झालेल्यांत, म्हणजे लस येण्याआधीच्यांत. ‘फ्लूनंतरही असे होते’ हा आक्षेप तर मला आक्षेपच वाटत नाही. होत असेल, तर फ्लूकडेही नीट पाहायला हवे होते. एपस्टीन-बार या घरोघरी आढळणाऱ्या विषाणूचा मल्टिपल स्क्लेरोसिसशी संबंध पक्का व्हायला २०२२ साल उजाडले. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटी लोकांच्या नोंदी चाळल्यावर त्या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढतो हे दिसले. तोवर तोही कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडल्याचा प्रकार मानला जात होता.

शेवटी उरतो तो दवाखान्यातला आक्षेप: समजा, आहे आजार, पण औषध कुठे आहे? स्टॅनफर्डने १५५ जणांवर पॅक्सलोविड हे विषाणूरोधक १५ दिवस देऊन पाहिले, २०२४ मध्ये निकाल आला, रेंगाळलेल्या लक्षणांत फरक पडला नाही. हा निकाल विरोधक आपल्या बाजूने मोजतात. मला तो आमच्या बाजूचा वाटतो. विषाणू मारणारे औषध चालले नाही, तर दुखण्याचे मूळ जिवंत विषाणूत नसून त्याने मागे सोडलेल्या दाहात, गळक्या चौकीत आणि सोललेल्या तारांत असण्याची शक्यता वाढते. नाकातल्या त्या टी पेशींनीही हेच सांगितले होते. आणि औषध नाही म्हणून आजार नाही, हा न्याय लावायचा, तर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेला कंपवात १९६० च्या दशकात लेव्होडोपा हाती येईपर्यंत अस्तित्वात नव्हता असे म्हणावे लागेल. त्या दीडशे वर्षांत थरथरणाऱ्या हातांनी चहाची बशी ओठांपर्यंत नेताना किती सांडला, याची नोंद कुठल्याच रिपोर्टात नाही.